आकाशउडी आणि डोक्यावरचा कॅमेरा



आजचा विषय फलकावर वाचून काही मंडळींनी मला येता येताच गाठले आणि विचारले, "अहो, विमानातून उडी मारताना डोक्यावर कॅमेरा कसा लावावा, हे कबनुरात ऐकून आम्ही करायचे काय?" प्रश्न रास्त आहे. आपल्याला जवळचा विमानतळ उजळाईवाडीचा. तेथे माणसे विमानात बसतात ती दुसऱ्या गावी उतरण्यासाठी, वाटेत उडी टाकण्यासाठी नव्हे. मी स्वतःदेखील विमानातून कधी उडी मारलेली नाही, हे आरंभीच कबूल करतो. माझा धंदा कॅमेरे दुरुस्त करण्याचा. पण ह्या धंद्यात माणसाला एक सवय जडते. मोडलेली वस्तू समोर आली की ती कशी मोडली असेल, हे आधी डोळ्यांपुढे आणायचे. आजचे व्याख्यान त्या सवयीतूनच निघालेले आहे.

पूर्वी माझ्या टेबलावर लग्नकार्यातले कॅमेरे येत. हळदीचे डाग, अक्षता, क्वचित एखाद्या बटणाच्या फटीत अडकलेला बुंदीचा कण. गेल्या काही वर्षांत काड्यापेटीहून थोडे मोठे, अवघे दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे कॅमेरे येऊ लागले आहेत. कोणी ते मोटारसायकलच्या हेल्मेटवर लावतो, कोणी पन्हाळ्याच्या घाटात सायकलवर. असाच एक कॅमेरा आपल्या भागातल्या, पण सध्या नोकरीनिमित्त परदेशी असलेल्या एका तरुणाने सुट्टीत आणून दिला. त्याची बैठक तडकली होती आणि कडेच्या प्लॅस्टिकवर एक बारीक, सरळ, गुळगुळीत खाच होती. सुताच्या मुलखात राहणाऱ्याला असली खाच ओळखू येते. धागा एकाच जागी घासत राहिला की मागावरच्या लोखंडी तारेलासुद्धा तशीच खाच पडते. मी म्हणालो, "येथे दोरी घासली आहे." तो चपापला. मग म्हणाला, "काका, पॅराशूट उघडताना एक दोरी अडकली होती. सुटली आपोआप. पण बैठक हलली. आता तुम्ही ती अशी पक्की करून द्या की काही झाले तरी कॅमेरा जागचा हलू नये."

मी कॅमेरा ठेवून घेतला आणि त्याला आठ दिवसांनी यायला सांगितले. त्या आठ दिवसांत ह्या विषयावर मिळेल ते वाचले आणि माझी खात्री झाली की मुलाची मागणी नेमकी उलटी आहे. ती उलटी का, तेच आज सांगावयाचे आहे.

कॅमेऱ्याची गोष्ट कोल्हापूर जिल्ह्यात सांगायची तर बाबूराव पेंटरांना नमस्कार करून पुढे जावे लागते. परदेशी कॅमेरा परवडत नव्हता, तेव्हा ह्या माणसाने १९१८ च्या सुमारास चलच्चित्राचा कॅमेरा कोल्हापुरातच घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवावा लागे. मूठ एका लयीत फिरली नाही, तर पडद्यावरची माणसे कधी धावत, कधी रेंगाळत. कॅमेऱ्यामागच्या माणसाचे सारे चित्त त्या लयीत गुंतलेले असे, आणि ते गुंतले तरी बिघडत नसे, कारण त्याच्या पायांखाली जमीन होती. चित्र काढणाऱ्याला स्वतःचा विसर पडणे हा जमिनीवर गुण समजला जातो. आकाशात तोच घातक ठरतो.

आता आकाशातला हिशेब पाहू. उडी साधारणपणे १३,००० फुटांवरून, म्हणजे सुमारे चार किलोमीटर उंचीवरून मारतात. पोट जमिनीकडे करून, हातपाय पसरून पडणाऱ्या माणसाचा वेग पहिल्या दहा-बारा सेकंदांत वाढत जातो. मग हवेचा विरोध आणि शरीराचे वजन यांची बरोबरी होते आणि वेग ताशी १९० किलोमीटरांच्या आसपास स्थिर होतो. म्हणजे सेकंदाला सुमारे १७५ फूट. पहिले हजार फूट जायला दहा सेकंद लागतात, त्यानंतरचा प्रत्येक हजार सहा सेकंदांच्या आत सरतो. १३,००० फुटांवरून ५,००० फुटांपर्यंत यायला मोजून पन्नास-पंचावन्न सेकंद. मी येथे पाण्याचा एक पेला पिऊन पुन्हा बोलू लागेपर्यंत हा सारा खेळ आटोपतो. छत्री न उघडता कोणी २,५०० फुटांवर आला, तर त्याच्यापाशी चौदा सेकंद उरलेले असतात.

ह्या पन्नास सेकंदांत हात मोकळे नसतात. आपल्याला वाटते, माणूस नुसता पडतो. वास्तविक तो हवेवर पालथा पडून हातापायांनी वल्ही मारीत असतो. हात जरा आत घेतला की तो वळतो, पाय सरळ केले की पुढे सरकतो. म्हणून कॅमेरा हातात धरता येत नाही, तो डोक्यावरच जावा लागतो. १९६० च्या दशकाच्या आरंभापासून अमेरिकेत काही मंडळींनी हेल्मेटला चित्रपटाचा कॅमेरा जखडून उड्या मारायला सुरुवात केली. पुढे कार्ल बोनिश नावाचा विद्युत अभियंता ह्या कलेत विशेष गाजला. १९६९ च्या 'द जिप्सी मॉथ्स' ह्या चित्रपटातील आकाशातली दृश्ये त्याची आहेत. १९८४ साली नॉर्वेतल्या एका कड्यावरून उडी मारताना त्याचा अंत झाला.

आपल्याकडच्या शीतल महाजन यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पुण्याच्या ह्या बाईंनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी मारली, २००६ साली दक्षिण ध्रुवावर. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ च्या फेब्रुवारीत त्यांनी थायलंडमध्ये नऊवारी साडी नेसून सुमारे १३,००० फुटांवरून उडी घेतली, तेव्हाची चित्रे घरोघर पोहोचली. निळे आकाश, खाली समुद्रकिनारा आणि मध्ये काठापदराची साडी! आमच्या घरी ते चित्र पाहून आई म्हणाली, "पदर कसा सावरला असेल गं बाईने?" मला मात्र दुसराच प्रश्न पडला. हे चित्र काढले कोणी? चार हातांवरून काढलेले दिसते, म्हणजे काढणाराही तितक्याच वेगाने, तितक्याच उंचीवरून, तेव्हाच पडत होता. चित्रात तो दिसत नाही, दिसायचाही नाही. त्याला चौकट सांभाळायची होती, समोरच्या व्यक्तीशी टक्कर टाळायची होती, सूर्य पाठीशी ठेवायचा होता आणि ह्या सगळ्यात आपलीही छत्री वेळेवर उघडायची आहे, हे ध्यानात ठेवायचे होते.

हे ध्यान सुटले तर काय होते? १९८८ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिना राज्यात घडलेली हकीकत सांगतो. आठशेहून अधिक उड्या मारलेला एक पस्तीस वर्षांचा कसलेला माणूस. एक शिक्षक आणि त्याचा विद्यार्थी यांच्या उडीचे चित्रण करायला तो विमानात बसला. त्या काळी चित्रणाचे यंत्र जड असे. कॅमेरा डोक्यावर आणि ध्वनिचित्रमुद्रणाचे यंत्र अंगावर वाहावे लागे. तो उडाला. चित्रण उत्तम केले. समोरच्या जोडीची छत्री उघडली तीही टिपली. मग आपली छत्री उघडण्यासाठी त्याने हात मागे नेला, आणि पाठीवर छत्रीच नव्हती. तो पॅराशूट न घालताच विमानातून बाहेर पडला होता. यंत्राचे ओझे अंगावर होते, तेच त्याला पॅराशूटचे वाटले असावे, असा तर्क त्या वेळी करण्यात आला. कॅमेरा शेवटपर्यंत चालू होता.

ही गोष्ट मी तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. तो नवशिका असता, तर आपण अज्ञान म्हणून सोडून दिले असते. त्याचे ज्ञान शाबूत होते, त्याच्या डोक्यात जागा उरली नव्हती. कॅमेऱ्याने ती सगळी व्यापली होती. म्हणून कॅमेरा निवडताना पहिला प्रश्न भिंगाचा नाही, किमतीचाही नाही. हे साधन माझे किती लक्ष खाईल, हा तो प्रश्न आहे.

अमेरिकेतल्या उडीबहाद्दरांच्या संघटनेने ह्यासाठी एक साधा संकेत घातला आहे. दोनशे उड्या होऊन त्या पायरीचा परवाना मिळेपर्यंत कॅमेरा लावू नये, आणि ज्या छत्रीवर कॅमेरा न्यायचा, त्याच छत्रीवर अलीकडे निदान पन्नास उड्या झालेल्या असाव्यात. पूर्वी हा संकेत पाळला जाई, कारण जड यंत्र डोक्यावर घ्यायची नवख्याला छातीच होत नसे. आता कॅमेरा चिमुकला झाला. "एवढासा तर आहे, असला काय आणि नसला काय," असे म्हणून विसाव्या उडीलाच तो लावण्याचा मोह होतो. लहान कॅमेरा कमी धोक्याचा, हा समज मला फार खोटा वाटतो. मोठा कॅमेरा स्वतःची आठवण सतत करून देतो, हा मात्र डोक्यावर बसतो आणि आपल्याला कळतही नाही. आणि दोरी अडकायला मोठी वस्तू लागते थोडीच?

अडकण्याचा हा विषय तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक समजेल. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून ह्या पंचक्रोशीला धागा आणि फिरते यंत्र यांचे नाते ठाऊक आहे. पट्ट्यावर चालणाऱ्या मागाजवळ सैल बाहीचा सदरा घालून कोणी उभे राहत नाही. आता छत्री उघडते कशी ते पाहा. उडी मारणारा एक लहान छत्री वाऱ्यात फेकतो. ती पाठीवरच्या पिशवीतून मोठी छत्री ओढून काढते, आणि मग दोन्ही खांद्यांपासून निघालेल्या दोऱ्यांचे झुबके डोक्याच्या आजूबाजूने सरसर वर जातात. शरीर सरळ असेल तर ठीक. ते कलले, गिरकी खाल्ली, तर त्यांतली एखादी दोरी डोक्यावरच्या खुंटीला अडकू शकते, आणि कॅमेरा ही खुंटीच असते.

अडकली म्हणजे काय होते? प्रत्येकापाशी दोन छत्र्या असतात, मुख्य आणि राखीव. मुख्य बिघडली तर उजव्या बाजूची मूठ ओढून ती अंगावरून सोडून द्यायची आणि डाव्या बाजूची मूठ ओढून राखीव उघडायची. पण मुख्य छत्रीची दोरी डोक्याला अडकलेली असेल, तर ती खांद्यांवरून सुटूनही डोक्याला लटकत राहते. राखीव छत्री वर जाते ती नेमकी तिच्यातच. वेळीच छत्री उघडली नाही तर राखीव छत्री आपोआप उघडणारे यंत्र मिळते आणि त्याने पुष्कळ जीव वाचवले आहेत. परंतु ते राखीव छत्री उघडण्यापलीकडे काही करू शकत नाही. गुंता सोडवणे त्याच्या हाती नाही.

यावरून माझ्या तरुण ग्राहकाची मागणी उलटी का होती ते ध्यानात येईल. कॅमेरा वाऱ्याने हलू नये हे खरे. पण दोरी अडकली तर तो तुटून गेला पाहिजे किंवा हेल्मेटसकट सुटून गेला पाहिजे. त्याची बैठक तडकली, म्हणजे तिने आपले काम केले होते. आणि मी ती पोलादी पट्टीने पक्की करून द्यावी, असे त्याचे म्हणणे होते! पुष्कळ लोक कॅमेरा हरवू नये म्हणून त्याला एक बारीक दोरीही बांधतात. मोटारसायकलवर ती चालेल. येथे कॅमेरा तुटून सुटायचा तो त्या दोरीमुळे लोंबकळत राहील आणि नवाच गुंता करील.

तेव्हा खरेदीला निघालेल्याने आधी हेल्मेट पाहावे. ते डोक्यावर घट्ट बसावे, मान हलवली तर आत डोके फिरू नये. बाहेरून ते गोटीसारखे गुळगुळीत असावे. हनुवटीचा पट्टा एका ओढीसरशी सुटणारा असावा, कोणत्याही हाताने, हातमोजा घालून, न पाहता. मोठा कॅमेरा असेल, तर अशी सुटका नसलेले हेल्मेट फुकट मिळाले तरी घेऊ नये. आणि ती ओढ दुकानात एकदा करून भागत नाही. घरी उभे राहून, डोळे मिटून, रोज दहा वेळा करावी. कोणाला हसू आले तर येऊ द्यावे.

कॅमेरा हेल्मेटवर कोठे लावावा, ह्याबद्दल जाणत्यांत मतभेद आहेत. माथ्यावर लावला तर मानेवरचा भार समतोल राहतो आणि चित्र छान येते, पण तेथेच दोऱ्या जवळून जातात. बाजूला लावला तर एका अंगाला वजन पडते, आणि खांद्यावरून वर जाणारे पट्टे त्याच बाजूला. हनुवटीपुढे लावला तर दोऱ्यांचा धोका काहीसा घटतो, पण छातीवरच्या त्या दोन जीवरक्षक मुठी खाली पाहिल्यावर कॅमेऱ्याआड जातात. मला विचाराल तर बिनधोक जागा एकही नाही. जागा निवडून झाल्यावर एक परीक्षा मात्र प्रत्येकाने करावी. हेल्मेट टेबलावर ठेवावे, एक लांब बारीक दोरी घ्यावी आणि सर्व दिशांनी ती हेल्मेटवरून ओढत न्यावी. जेथे अडकेल तेथे उतार द्यावा, फट बुजवावी, चिकटपट्टी लावावी, आणि पुन्हा ओढावी. कबनुरात ह्या परीक्षेला दोरी विकत घ्यावी लागणार नाही.

मानेचे गणित थोडक्यात सांगतो. छत्री उघडताना वेग एकदम घटतो आणि शरीराचे वजन काही क्षण तिप्पट-चौपट झाल्यासारखे वाटते. कधी छत्री फाडकन उघडते, तेव्हा दहापटही. डोक्यावर दोन किलोंचे सामान असेल तर तेवढ्यापुरते ते वीस किलोंचे होते. भरलेली घागर वरून मानेवर आदळावी, तसे. म्हणून चित्रण करणारे हळू उघडणारी छत्री पसंत करतात, ती स्वतः काळजीपूर्वक घडी घालतात, आणि ती उघडताना मान सरळ ठेवतात. वर मान करून छत्रीचे उघडणे टिपण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. तो मानेला महागात पडतो.

आता प्रत्यक्ष चित्रणाविषयी. ह्या भागात माझा धंदा असल्यामुळे मी लांबण लावीन, ही भीती आहे. तरी आवरते घेतो. अंतर आपोआप साधणारी यंत्रणा बंद ठेवावी, कारण निळ्या आकाशात तिला धरायला काही सापडत नाही आणि ती चाचपडत बसते. ह्या चिमुकल्या कॅमेऱ्यांचे भिंग रुंद असते, त्यामुळे नेम फारसा धरावा लागत नाही. पण क्षितिज वाकडे येते आणि पाहणाऱ्याला पृथ्वीचा गोलावा दिसल्याचा भास होतो. चार किलोमीटरांवरून तो तसा दिसत नाही, हे घरच्यांना जरूर सांगावे. मोठ्या कॅमेऱ्याला नेम लागतो. त्यासाठी डोळ्यापुढे वर्तुळे कोरलेली एक लहान काच बसवतात, आणि जमिनीवरच, दूरच्या एखाद्या धुराड्यावर नजर लावून, काच आणि भिंग एका रेषेत आणून घट्ट करतात. छायाचित्राचा खटका दातांत धरतात किंवा जिभेने दाबतात. वर चढताना दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश उष्णता कमी होते. खाली ३८ असेल तर वर १२. थंडीने बॅटरी लवकर उतरते, आणि गार पडलेले भिंग खालच्या दमट हवेत आले की त्यावर बाष्प धरते. म्हणून बॅटरी भरलेली, कार्ड रिकामे आणि भिंग पुसलेले, हे सगळे विमानात चढण्यापूर्वी उरकावे. दार उघडल्यावर कॅमेऱ्याचा दिवा लागला नाही, तर उडी चित्राविना मारावी. दारात उभे राहून बटणे चाचपणाऱ्याने आपल्या पट्ट्यांची शेवटची तपासणी केलेली नसते.

उंचीही कॅमेऱ्याच्या चौकटीतून कळत नाही. मनगटावर उंचीमापक आणि कानाशी ठराविक उंचीला वाजणारा दुसरा, असे दोन साथीदार असावेत. तरीही दर काही सेकंदांनी मनगटाकडे पाहण्याची सवय चित्रणाच्या आधी लागलेली असावी. शिक्षकाला बांधून उडणाऱ्या जोडीचे चित्र घेताना तिच्या थेट वर किंवा थेट खाली राहू नये. वर राहिलात तर तिच्या पाठीमागच्या मोकळ्या हवेत आधार सुटून तिच्यावरच कोसळाल. खाली राहिलात तर छत्री उघडण्यात अडचण आली असता ती जोडी तुमच्यावर येईल.

तुमच्यापैकी कोणी हौसेने अशी जोडीची उडी मारायला जाणार असेल, तर जरूर जा. पण आपला कॅमेरा घरी ठेवा. चांगल्या ठिकाणी तो तुम्हाला वर नेऊ देणारही नाहीत. तेथे शिक्षकाच्या हातमोज्यावर कॅमेरा असतो किंवा वेगळा चित्रकार बरोबर उडतो. त्याला किती उड्या झाल्या, हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या माणसाला तो आकडा तोंडपाठ असतो.

त्या तरुणालाही मी तेच विचारले. आठ दिवसांनी तो आला तेव्हा मी नवी बैठक बसवून ठेवली होती, पण पहिल्यासारखीच, झटका बसला तर तुटणारी. खाच तशीच राहू दिली होती. पोलादी पट्टी का नाही, म्हणून तो जरा नाराज झाला. मी टेबलावर हेल्मेट ठेवून दोरी ओढून दाखवली. ती तीन ठिकाणी अडकली. मग विचारले, "उड्या किती झाल्या?" तो म्हणाला, "चौऱ्याहत्तर." मी काही बोललो नाही, दुरुस्तीचे पैसे तेवढे घेतले. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला होता. आकडा एकशे एकतीसवर गेला आहे आणि कॅमेरा कपाटात आहे, असे तो म्हणाला.